दफ्तर आणि यंत्र

वेण्णेच्या काठावरील मेढ्यासारख्या तालुक्याच्या गावी, जेथे जावळीच्या डोंगरवाड्यांतून खातेदार उतारा, फेरफार वा दाखला यांसाठी एस.टी.ने येतो, तेथे संगणकापुढे बसणाऱ्या कारकुनाची अवस्था सहानुभूतीने समजून घेतली पाहिजे, असे आम्हांस वाटते. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला व नकलेसाठीचे हेलपाटे कमी झाले, ही सुधारणा निःसंशय मोलाची होय. परंतु नोंद अर्धी टंकित झालेली असताना पडद्यावरील चक्र फिरतच राहावे, मुदत संपल्याची सूचना येऊन सारा मजकूर लुप्त व्हावा, आणि पीककर्जाच्या विवंचनेत असलेल्या वृद्ध शेतकऱ्याने ‘सर्व्हर बंद आहे’ हे उत्तर ऐकून कारकुनाकडेच रोषाने पाहावे, असे प्रसंग गावोगावच्या कचेऱ्यांतून घडत असतात. त्यातून जुना मजकूर जुन्या फॉन्टमध्ये जतन केलेला असला, तर तो युनिकोडमध्ये उघडताच मराठी अक्षरांच्या जागी रोमन चिन्हांची निरर्थक रांग उमटते, आणि मूळ कागद शोधून सारे नव्याने टंकावे लागते. ज्याच्या हाती ना सर्व्हर, ना वीज, ना आषाढातल्या पावसात तुटणारी तार, त्याने जनतेची बोलणी आणि वरिष्ठांचे ज्ञापन दोन्ही सोसावे, हा न्याय नव्हे. यंत्रणा बंद असेल त्या दिवशीचा अर्ज हातनोंदीने दाखल करून तीच तारीख ग्राह्य धरावी, असा स्पष्ट हुकूम शासनाने पावसाळ्यापूर्वी काढावा, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.