अभंग जरूर ऐका, पण बीपीची गोळी बंद करू नका



आजचा विषय औषधाचा नाही, गाण्याचा आहे. पण तो माझ्या ओपीडीत वारंवार येतो, म्हणून इथे लिहितो आहे.

आपण मराठी माणसं या बाबतीत फार श्रीमंत आहोत. भीमसेन जोशींची संतवाणी, श्रीनिवास खळे यांनी संगीत दिलेले लता मंगेशकरांच्या आवाजातले तुकोबांचे अभंग, किशोरीताई आमोणकरांची भजनं, कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं. शास्त्रीय संगीतात उभं आयुष्य घालवलेल्या थोर गायकांनी संतांचे शब्द गायले आणि ते ध्वनिमुद्रणाच्या रूपानं आपल्या घरात आले. आधी रेडिओवर, मग कॅसेटवर आणि आता मोबाईलवर. आमच्या जालना जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. इकडे करुणाष्टकं आणि हरिपाठ ऐकत लहानाची मोठी झालेली माणसं घरोघरी भेटतात. त्यांना संगीताचं महत्त्व मी सांगायची गरज नाही.

अडचण वेगळीच आहे. "अमुक राग रोज वीस मिनिटं ऐका, बीपी कायमचं जाईल", "तमुक रागानं शुगर उतरते" असे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. ते वाचून काही जण गोळी बंद करतात. वाढलेलं बीपी बहुतेकदा दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे गोळी थांबवल्यावर काही दिवस छानच वाटतं. "बघा डॉक्टर, गोळीशिवाय चाललंय की!" असं रुग्ण म्हणतो. आतल्या रक्तवाहिन्यांवरचा ताण मात्र चालूच असतो. तो कधी लकव्याच्या रूपानं बाहेर येतो, कधी हृदयविकाराच्या, तर कधी मूत्रपिंडाच्या.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. संगीत ऐकणं ही फार मोलाची गोष्ट आहे. तिला औषधाच्या जागी बसवलं की औषधाचंही नुकसान होतं आणि संगीताचंही.

गाण्यानं शरीरात नेमकं काय होतं?

इटलीतले डॉ. लुचानो बर्नार्डी यांनी यावर चांगलं काम केलं आहे. 2001 साली त्यांच्या गटानं 23 निरोगी माणसांना जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि एक संस्कृत मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळी श्वासाची गती मिनिटाला साधारण सहावर आली. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. श्वास असा संथ झाला की बीपी आणि नाडी यांचा मेळ राखणारी शरीराची यंत्रणा जास्त चांगली चालते. प्रार्थना वेगळी, भाषा वेगळी, धर्म वेगळा. परिणाम मात्र एकच, कारण दोन्हींची लय सारखी होती.

2006 साली त्यांनी ऐकणाऱ्यांचा अभ्यास केला. निरनिराळ्या प्रकारचं संगीत ऐकवलं, त्यात भारतीय रागसंगीतही होतं. लय जलद असली की श्वास, नाडी आणि बीपी वाढत होतं. फरक पडत होता तो मुख्यतः लयीनं. संगीताचा प्रकार किंवा ऐकणाऱ्याची आवड यांचा वाटा कमी होता. सर्वांत गमतीचा भाग पुढे आहे. मध्येच दोन मिनिटांची शांतता ठेवली, तेव्हा नाडी आणि बीपी संगीत सुरू होण्याआधीपेक्षाही खाली उतरलं!

यातून दोन गोष्टी कळतात. एक, परिणाम खरा आहे, पण तो तात्पुरता आहे. दोन, "या आजाराला हा राग" अशा ज्या याद्या फिरतात, त्यांना यात काही आधार नाही. द्रुत लयीतला तराणा ऐकताना अंगावर काटा येतो, नाडी वाढते, आणि ती वाढायलाच हवी. तो तराणा तुमचं बीपी उतरवण्यासाठी गायलेला नाही.

कुमार गंधर्वांकडून शिकण्यासारखं

या विषयावर कुमारजींच्या आयुष्याइतकं बोलकं उदाहरण दुसरं नाही. ऐन तारुण्यात, विशीच्या सुरुवातीला, त्यांना फुफ्फुसाचा क्षयरोग झाला. कोरड्या हवेसाठी 1948 साली ते मध्य प्रदेशात देवासला जाऊन राहिले. डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं होतं. देशभर नाव झालेला हा गायक काही वर्षं अंथरुणाला खिळून होता.

त्या काळात कुमारजींनी काय केलं? ते ऐकत राहिले. माळव्यातल्या बायकांची लोकगीतं, रस्त्यानं जाणाऱ्यांचं गाणं, पक्ष्यांचे आवाज. पुढे त्यांनी जे नवे राग बांधले, लोकधुनांवर जो विचार केला, त्याची मुळं या ऐकण्यात आहेत. नाथपंथी परंपरेतली निर्गुणी भजनंही त्यांनी माळव्याच्या त्याच भूमीतून उचलली.

पण क्षयाचे जंतू कशानं मेले? स्ट्रेप्टोमायसिननं. 1943 साली अमेरिकेत सापडलेलं हे औषध तेव्हा अगदी नवं होतं, मिळायला कठीण होतं. ते मिळालं म्हणून कुमारजी वाचले आणि पुन्हा गाऊ लागले. फुफ्फुसाचं कायमचं नुकसान झालं होतं, लांब दमसासाच्या ताना आता सहज शक्य नव्हत्या. छोट्या, धारदार स्वरवाक्यांची जी गायकी आपण आज ध्वनिमुद्रणांत ऐकतो, ती या मर्यादेतूनही घडली. 1992 पर्यंत ते जगले आणि गायले.

औषधानं त्यांचा जीव वाचवला. ऐकण्यानं त्या वाचलेल्या जिवाला गाण्यासारखं काहीतरी दिलं. दोन्ही कामं मोठी आहेत, आणि एकाचं काम दुसऱ्याला जमलं नसतं.

ऐकण्याचा उपयोग कुठे होतो?

ऑपरेशनच्या आधीची भीती संगीतानं कमी होते, याला चांगला पुरावा आहे. झोप न येणं, लांबलेलं आजारपण, जवळचं माणूस गेल्यानंतरचे दिवस, अशा वेळी ओळखीचा आवाज आणि ओळखीचा अभंग मोठा आधार देतो. घरात अंथरुणावर कुणी म्हातारं माणूस असेल, तर मोबाईल नुसता उशाशी ठेवून निघून जाऊ नका. दहा मिनिटं शेजारी बसून ऐका.

शक्य असेल तर सोबत गुणगुणा. भजनी मंडळात एक जण गातो आणि टाळकरी ध्रुपद उचलून धरतात. त्या वेळी सगळ्यांचा श्वास एकाच ठिकाणी घेतला जातो आणि एकाच ठिकाणी सोडला जातो. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी 2013 साली एकत्र गाणाऱ्यांच्या नाड्या मोजल्या, तर त्याही सोबतीनं वर-खाली होताना दिसल्या. आपले टाळकरी हे कितीतरी शतकं करत आले आहेत.

आवाज किती ठेवावा?

इथे मात्र डॉक्टर म्हणून मी आग्रही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसांनी 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंतच ऐकावा. पुढे दर 3 डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मी होते. 83 ला 20 तास, 86 ला 10 तास. अभंग भक्तीचा आहे म्हणून कानातल्या नाजूक पेशी सवलत देत नाहीत, आणि एकदा मेल्या की त्या परत येत नाहीत.

तोच न्याय देवळावरच्या भोंग्याला. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर लावायला कायद्यानं मनाई आहे. पहाटे साडेचारला लावलेला भीमसेनजींचा अभंग कितीही सुंदर असला, तरी शेजारी तापानं फणफणलेलं लेकरू किंवा नुकतीच बाळंत झालेली बाई असेल, तर त्यांच्यासाठी तो गोंगाटच असतो. संतवाणी दुसऱ्याची झोप मोडून ऐकायची नसते, हे संतांनाही पटलं असतं असं मला वाटतं.

थोडक्यात

* रोज एक तरी अभंग हातातलं काम बाजूला ठेवून पूर्ण ऐका.
* तो संपला की लगेच दुसरा लावू नका. दोन मिनिटं शांत बसा.
* हेडफोनचा आवाज मध्यम ठेवा. शेजारच्याचं बोलणं ऐकू येईल इतपत.
* बीपी, शुगर, क्षय, फिट्स यांच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

सकाळची गोळी पाण्याबरोबर घ्या आणि मग किशोरीताईंचं भजन लावा. बीपी किती उतरलं ते मशीन बघेल. तुम्ही नुसतं ऐका.