गणित कीं शिखर?

मे २०१८ मध्यें आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’ मोहिमेंत चंद्रपूर जिल्ह्यांतील आश्रमशाळांच्या पांच विद्यार्थ्यांनीं एव्हरेस्टचें शिखर गांठलें. त्यावर आक्षेप घेणारे सुशिक्षित अजून भेटतात: ज्यांना धड गणित येत नाहीं, त्यांना सरकारी पैशानें बर्फावर चढविण्याचें प्रयोजन काय?

हा आक्षेप काटकसरीचा नसून कोतेपणाचा आहे. आपला मुलगा हिमालयांत निघाला कीं आपण त्यास चारित्र्याचें शिक्षण म्हणतों. आश्रमशाळेंतला निघाला कीं ती उधळपट्टी!

दुसरे म्हणतात, रानांतलीं मुलें, त्यांस चढणें सोपेंच. हेंही खोटें. वैशाखांत पंचेचाळीस अंशांवर तापणाऱ्या मुलखांतल्या मुलांना हिमनदीवर पाऊल टाकणें मुळापासून शिकावें लागतें. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या एक तृतीयांश उरतो, तो कोणाची जात पाहत नाहीं. यश शिक्षणाचें आहे, रक्ताचें नव्हे.

मात्र पांचांच्या छायाचित्रामागें सरकारनेंही लपूं नये. उरलेल्या हजारोंना चांगला शिक्षक हवाच. त्यांना गणितही हवें, शिखरही. दोहोंतून एक निवडा, असें आपण आपल्या मुलांस कधीं म्हटलें आहे काय?