हरकत नोंदवली, पण ऐकली कोणी?

भाईंदर पश्चिमेहून उत्तनला जाणारी बस मुर्धा, राई, मोर्वा ही गावं घेत डोंगरीत येते. मीरा-भाईंदर शहरात येणाऱ्या मेट्रो ९ च्या कारशेडचा वादही याच रस्त्याने पुढे सरकला. आधी हे कारशेड राई-मुर्धा-मोर्वा पट्ट्यात व्हायचं होतं. तिथल्या भूमिपुत्रांनी जमिनी जातील म्हणून विरोध केला, तेव्हा सरकारने ते डोंगरीवर नेलं. राई-मुर्ध्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि डोंगरीची झोप उडाली. २०२५ साली बारा हजारांहून जास्त झाडं तोडण्याचा प्रस्ताव समोर आला आणि वातावरण पेटलं.

कारशेड कुठे असावं, हा आजचा विषय नाही. मला खटकते ती वेगळीच गोष्ट. राईचा शेतकरी, डोंगरीचा बागायतदार आणि मीरा रोडहून रोज मुंबईला जाणारा नोकरदार हे तिघे या सगळ्या काळात एकमेकांसमोर बसलेच नाहीत. प्रत्येकाचं बोलणं वरच्या दिशेने चाललं होतं, कधी मंत्र्यांकडे, कधी आमदाराकडे, कधी आयुक्तांकडे. निवेदन द्यायचं, फोटो काढायचा, परत यायचं. शेजारच्या गावाशी बोलायला मात्र कोणाला सवड झाली नाही.

नोकरदाराचं म्हणणं खोटं नाही. सकाळी भाईंदरच्या फलाटावर उभं राहून पाहा, गाडीत पाय ठेवायला जागा मिळत नाही. रस्त्याने जावं तर दहिसर नाक्याची कोंडी. दहिसर पूर्वेहून भाईंदरपर्यंत मेट्रो यावी ही त्याची इच्छा रास्त आहे, आणि मेट्रो म्हटली की डबे ठेवायला, दुरुस्त करायला कारशेड लागतंच. त्याला वाटतं, चार झाडांसाठी हे लोक अडून बसलेत.

आता डोंगरीच्या घरात जाऊन बसा. सुरुवातीला झाडांचं, टेकडीचं, विहिरीच्या पाण्याचं बोलणं होईल. पण मध्येच न तोडता अर्धा तास ऐकत राहिलात, तर गाडी कचऱ्यावर येते. साऱ्या शहराचा कचरा वर्षानुवर्षं याच बाजूला, उत्तनच्या धावगीला येतो. कचऱ्याला आग लागली की धुराचा त्रास आसपासच्या गावांना होतो. शहराला जे नको ते आमच्या माथी, ही भावना इथे खोल रुजली आहे. कारशेड तिच्यावर येऊन पडलं. म्हणून एका झाडाच्या बदल्यात दहा झाडं लावू, या आश्वासनाने इथे कोणाचं समाधान होत नाही. दुखणं नुसतं झाडांचं नाही, आणि ‘हरकती व सूचना’ मागवणाऱ्या कागदावर या दुखण्यासाठी रकाना नसतो.

ऐकण्याचं महत्त्व मी इतक्या आग्रहाने मांडतो ते यामुळेच. समोरचा ज्यावरून भांडतोय ते आणि त्याला जे खुपतंय ते, हे बहुतेक वेळा एकच नसतं. आणि खुपणारी गोष्ट पहिल्या दोन वाक्यांत कोणी सांगत नाही.

भाषेच्या वादातही हेच दिसलं. जुलै २०२५ च्या सुमाराचे दिवस आठवा. मराठी न बोलण्यावरून मीरा रोडच्या एका मिठाई दुकानदाराला मारहाण झाली. ३ जुलैला व्यापाऱ्यांनी मोर्चा काढला. त्याला उत्तर म्हणून ८ जुलैला मराठी भाषकांचा मोर्चा निघाला. पोलिसांनी परवानगी नाकारली, धरपकड केली, तरी लोक हजारोंनी रस्त्यावर आले. सामील व्हायला आलेल्या परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनाही लोकांच्या रोषामुळे परत फिरावं लागलं. पाच दिवसांच्या अंतराने एकाच शहरात दोन प्रचंड मोर्चे निघाले आणि त्यांची गाठ कुठेच पडली नाही. मारहाणीचं समर्थन होऊच शकत नाही. पण आपल्याच शहरात सोसायटीत घर नाकारलं गेलेल्या मराठी कुटुंबाचा सल त्या व्यापाऱ्यांना कोणी समोर बसून सांगितला का? आणि गल्ल्यावर बसलेल्या माणसाला दुकानात घुसलेल्या घोळक्याची वाटलेली भीती मराठी घरांपर्यंत पोहोचली का? दोन्ही बाजूंना मोबाईलवर फक्त एकमेकांच्या चित्रफिती पोहोचल्या.

निवडणुकीच्या दिवसांत आपल्या दारात कार्यकर्ते येतात ते कशासाठी, हेही पाहा. गळ्यात पट्टा, हातात मतदार स्लिपांचा गठ्ठा. ‘काका, आपलं लक्ष असू द्या’ म्हणतात आणि पुढचं दार वाजवतात. डेव्हिड ब्रुकमन आणि जोशुआ कल्ला या अभ्यासकांनी अमेरिकेत मायामीमध्ये याच्या उलट करून पाहिलं. दारावर गेलेल्या माणसाने उपदेश न करता प्रश्न विचारायचे, समोरच्याला त्याचा स्वतःचा अनुभव सांगू द्यायचा. सुमारे दहा मिनिटांच्या अशा बोलण्याने पारलिंगी व्यक्तींबद्दलचा पूर्वग्रह कमी झाला आणि तो परिणाम निदान तीन महिने टिकला. २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा मिनिटं एवढीच त्याची किंमत. आपल्याकडे एकेका पक्षाचे शेकडो कार्यकर्ते महिनाभर दारं वाजवतात. त्यांना एकदा तरी कोणी ऐकायला पाठवावं.

अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गोंड गावात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. काहींची हरकत उरली तर विषय पुढच्या सभेवर जातो. ग्रामसभेच्या जोडीला गावाने अभ्यासगट ठेवला. तिथे फक्त समजून घ्यायचं, निर्णय घ्यायचा नाही. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी रुजवलेल्या या पद्धतीत मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच फारकत. जिथे आज निकाल लागायचा नसतो, तिथे माणूस समोरच्याचं बरोबर आहे असं म्हणायला घाबरत नाही. या गावाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला, तेव्हा ऐकण्यात वेळ वाया जातो हा आक्षेप टिकत नाही.

ते लहान गाव आणि आपलं शहर लाखोंच्या वस्तीचं, असं कोणी म्हणेल. पण डोंगरीही गावच होतं. ग्रामपंचायती जाऊन आधी नगरपालिका आणि २००२ मध्ये महानगरपालिका आली. या बदलात रस्ते, नळ, बस मिळाली आणि गावाने एकत्र बसायची हक्काची जागा गेली. खरं तर डोंगरी-उत्तनच्या या धारावी बेटाला वेगळेपणाची सवय आहे. डोंगरीत बेथलेहेम मातेचं चर्च, तारोडीला धारावी देवीचं मंदिर, चौकला दर्गा, उत्तनला केशवसृष्टी ही संस्था आणि किनाऱ्यावर वलांडीवर बोंबील वाळत घालणाऱ्या कोळणी. मतं वेगळी, पक्ष वेगळे, तरी लग्नात आणि मयताला सगळे एकमेकांच्या दारात असतात. तिथे जे जमतं ते कारशेडवर बोलताना जमणार नाही, हे मला मान्य नाही.

महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे. मतदारांची सभा, आणि ती नगरसेवकाने बोलवायची. बहुतेक मतदारांनी हा शब्दही ऐकलेला नाही आणि बहुतेक नगरसेवकांना त्याचं काही वाटत नाही. तुमच्या प्रभागात ती सभा भरवा अशी लेखी मागणी करा, पोच घ्या, महिन्याने पुन्हा विचारा. सभेत पक्षाचे पट्टे नकोत, मोबाईलचं चित्रीकरण नको, आणि बोलायला उठणाऱ्याने आधीच्या माणसाचं म्हणणं त्याला पटेल असं मांडून दाखवावं, मगच आपलं सुरू करावं. डोंगरीत अशी सभा भरली, तर राई-मुर्ध्याच्या शेतकऱ्यांना आणि मीरा रोडच्या नोकरदारांनाही बोलवा, आणि पहिलं बोलायचा मान त्यांना द्या.