विश्लेषण : नोकरी तिची, पगारावर हुकूम कुणाचा?

पिंपरीच्या कारखानदारीत बाईला दार उघडायला वेळ लागला. १९७४ मध्ये टेल्कोच्या अभियंता भरतीच्या जाहिरातीत मुलींनी अर्ज करू नयेत, असे नमूद केले होते. त्यावर सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडले आणि त्याच कंपनीत त्या पहिल्या महिला अभियंता म्हणून रुजू झाल्या. आज टाटा मोटर्सच्या पिंपरीतील कारखान्यात हॅरियर आणि सफारीची जोडणी करणारी एक अख्खी लाइन महिला चालवतात. त्यांची संख्या दीड हजारांच्या घरात आहे. चाकणला बजाज ऑटोने २०१६ मध्ये डॉमिनारची जोडणी महिलांच्या हाती दिली. आता प्रश्न पुढचा आहे. कमावणाऱ्या बाईच्या हातात शेवटी राहते काय?

पगार खात्यात जमा होतो, मग अडते कुठे?

खाते तिच्या नावावर असते, पण त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक अनेकदा वडिलांचा, भावाचा किंवा नवऱ्याचा असतो. ओटीपी त्या फोनवर जातो. एटीएम कार्डही घरीच. मराठवाडा-विदर्भातून आलेली मुलगी खराबवाडी किंवा नाणेकरवाडीत खोली घेऊन राहते, शिफ्ट करते आणि खर्चापुरते पैसे गावाकडून मागून घेते. घराला हातभार लावणे वेगळे आणि आपल्याच पैशांसाठी परवानगी मागणे वेगळे. त्यामुळे स्वतःचा क्रमांक खात्याला जोडणे हे बँकेतले पाच मिनिटांचे किरकोळ काम दिसत असले, तरी घरात त्यावरून आठवडाभर अबोला राहू शकतो.

प्रशिक्षणार्थी आणि कामगार यांत फरक काय?

फरक मोठा आहे आणि तो नेमणुकीच्या कागदावरच कळतो. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली लागलेली मुलगी कायद्याच्या लेखी कामगार नसते. तिला मिळते ते विद्यावेतन. त्यातून भविष्यनिर्वाह निधी (पीएफ) कापला जात नाही आणि राज्य कामगार विम्याचे (ईएसआय) अंशदानही जात नाही. काम मात्र शेजारच्या कामगाराइतकेच असू शकते. हातात पडणारी रक्कम जवळपास सारखी म्हणून मुली हा फरक मनावर घेत नाहीत. त्याची किंमत पुढे, बाळंतपणाच्या वेळी कळते. ईएसआयमध्ये २६ आठवड्यांचा प्रसूती लाभ मिळण्यासाठी लगतच्या दोन अंशदान कालावधींत मिळून किमान ७० दिवसांचे अंशदान भरलेले असावे लागते. ठेकेदार बदलला, मध्ये खंड पडला की हिशेब बिघडतो. ठेकेदाराने मजुरी थकवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, हेही अनेकींना ठाऊक नसते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी नेमणूकपत्र सक्तीचे केले आहे. ते मागून घ्यावे, वाचावे आणि त्याचा फोटो स्वतःच्या फोनमध्ये ठेवावा.

लग्न ठरले की पीएफ काढावा का?

इथेच सगळ्यात मोठी गळती होते. १९५२च्या भविष्यनिर्वाह निधी योजनेत नोकरी सुटल्यावर पैसे काढण्यासाठी दोन महिन्यांची प्रतीक्षा ठेवली होती. लग्नासाठी राजीनामा देणाऱ्या महिलेला मात्र ती माफ होती. लग्न झाले की बाईची नोकरी संपली, हे नियम करणाऱ्यांनी गृहीतच धरले होते. घरेही तेच धरून चालतात. चार-पाच वर्षांची जमा मांडव आणि दागिन्यांत जाते. निवृत्तिवेतनासाठी किमान १० वर्षांची सेवा लागते. निवृत्तिवेतनाचा भाग काढून घेतला की आधीची वर्षे पुसली जातात. तो न काढता ‘योजना प्रमाणपत्र’ घेतले, तर पुढे दुसऱ्या नोकरीत ती वर्षे जोडता येतात. त्यासाठी प्रत्येक ठेकेदाराकडे जुनाच यूएएन द्यावा. लग्नानंतर नामनिर्देशन मात्र नव्याने भरावे लागते.

रात्रपाळीचे काय?

महाराष्ट्राने २०१५ मध्ये कारखान्यांतील महिलांना रात्रपाळीची वाट मोकळी केली. नव्या संहितेत तिची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था या अटी आहेत. कंपनीच्या बसने मुली चौकापर्यंत येतात. तिथून महाळुंगे किंवा कुरुळीतल्या खोलीपर्यंतचा अंधारा रस्ता कुणाच्या अखत्यारीत येतो, याचे उत्तर कंपनी, ग्रामपंचायत आणि एमआयडीसी एकमेकांकडे बोट दाखवून देतात. बढती अनेकदा या शेवटच्या अर्ध्या किलोमीटरवर अडते, कारण लाइन लीडर व्हायचे तर तिन्ही पाळ्या कराव्या लागतात.

भिशी की बचत गट?

खोलीवरच्या मुलींत आणि चाळीतल्या बायकांत भिशी जोरात चालते. तिची ताकद ओळखीत आहे. अडचणीला रात्री दहा वाजताही पैसे उभे राहतात. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या पवनाथडी जत्रेत दुकान मांडणाऱ्या गटांतही अशा ओळखीतून जुळलेल्या बायका सापडतील. पण भिशी बुडाली तर दाखवायला कागद नसतो. बचत गटाकडे ठरावाचे पुस्तक असते, बँक खाते असते आणि कर्जासाठी त्याचा व्यवहार बँक पाहते. कंपनीतल्या मुलींना गट जमत नाहीत, कारण बैठक दुपारी ठेवतात. रविवारी संध्याकाळी बैठक ठेवणारे गट चाकणच्या वस्त्यांत उभे करणे महापालिकेला, नगरपरिषदेला किंवा ‘माविम’ला अवघड नाही.