वेदना म्हणू नका, विद्या म्हणा

चेन्नईत ब्लूजचे चाहते भरपूर आहेत. ओएमआरवरच्या कुठल्याही आयटी कंपनीत जेवणाच्या सुट्टीत विषय काढून बघा. बी. बी. किंग निघतो, मडी वॉटर्स निघतो आणि मग हमखास बडी गाय निघतो. (हे वाचून कुणी मोर्चा काढू नये, ते त्याचं आडनाव आहे.) २०११ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाला, त्याच्या पहिल्याच वर्षी तो आला होता आणि नंतरही येत राहिला. इथून विमानाचं तिकीट काढून त्याला ऐकून आलेले लोक त्याबद्दल बोलतात तेव्हा दोन वाक्यं ठरलेली असतात. "काय वेदना आहे त्या गिटारमध्ये!" हे पहिलं. "त्यांच्या रक्तातच असतं ते," हे दुसरं.

माझं भांडण या दोन वाक्यांशी आहे. बडी गायशी अजिबात नाही. तो माणूस खरोखरच थोर वादक आहे.

तो थोर का, ते नीट बघू. जन्म ३० जुलै १९३६, लुइझियानातलं लेट्सवर्थ, बटईने शेती करणारं कुटुंब. पोरवयातच कापूस वेचायला लागला. घरी गिटार नव्हती, म्हणून जाळीच्या तारा काढून दोन तारांचं खेळणं बनवलं आणि त्यावर बोटं बसवली. पुढे बॅटन रूजच्या विद्यापीठात झाडलोट-साफसफाईची नोकरी केली. सप्टेंबर १९५७ मध्ये शिकागोला आला. तिथे चेस रेकॉर्ड्स ही ब्लूजची सगळ्यात मोठी कंपनी होती. तिने त्याला मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ यांच्या मागे वाजवायला घेतलं, पण त्याला स्वतःला जसं वाजवायचं होतं तसं वाजवू दिलं नाही. मालक लेनर्ड चेसच्या कानाला तो आवाज म्हणजे गोंगाट होता. दिवसा तो बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारा ट्रक चालवायचा. चेसकडून त्याच्या नावाचा अल्बम निघायला १९६७ साल उजाडलं. तोवर इंग्लंडमधली गोरी पोरं नेमका तोच 'गोंगाट' वाजवून मालामाल झाली होती.

आता त्याच्या हाताकडे बघा. ब्लूजचा सांगाडा अगदी साधा: बहुतेक वेळा बारा मात्राखंड आणि तीन कॉर्ड. एवढ्याशा जागेत साठ वर्षं वाजवायचं आणि कंटाळा येऊ द्यायचा नाही, हे काम सोपं नाही. गाय तार आडवी ढकलून सूर वर चढवतो. आपल्या भाषेत सांगायचं तर कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मधे एक जागा आहे, ती पेटीच्या पट्टीवर सापडत नाही. तिथे तो सूर नेऊन थांबवतो. किती ढकलायचं, किती वेळ धरायचं, कधी सोडायचं, हे केसभर चुकलं तरी बेसूर होतं. चुकत नाही, कारण ते बोटांना हजारो तास शिकवलेलं आहे.

दुसरी गोष्ट, आवाजाचा चढउतार. भर कार्यक्रमात तो गिटारचा आवाज इतका खाली आणतो की हजार माणसं श्वास रोखून पुढे झुकतात. आणि मग एका फटक्यात अँप्लिफायर किंचाळतो. लोक याला भावनेचा भर म्हणतात. भर कसला, तो हिशेब आहे. आवाज कुठल्या खंडावर फुटायचा, आधी किती वेळ ताणून धरायचं, समोरच्या गर्दीत किती धीर आहे, हे सगळं तो मोजत असतो.

आणि तिसरी, त्याची लांब वायर. गिटार स्लिम नावाच्या वादकाला त्याने तरुणपणी पाहिलं होतं. त्याच्यासारखी लांबच लांब वायर लावून तो वाजवत वाजवत स्टेजवरून उतरायचा, टेबलांमधून फिरायचा, दारातून रस्त्यावर जायचा. पुढे वायर गेली, वायरलेस आलं, उतरणं मात्र राहिलं. गिटार पाठीमागे धरून वाजवणं, दातांनी वाजवणं, ड्रमच्या काठीने तारा छेडणं हेही तो करतो. जिमी हेंड्रिक्स त्याचं वाजवणं ऐकायला आणि टेप करायला येऊन बसायचा. काही शहाणे याला चमकोगिरी म्हणतात. आमच्याकडचा तमाशातला ढोलकीवाला फडात पुढे येऊन सवाल-जवाब करतो, त्यालाही ते हेच म्हणतील.

आता सांगा, यात वेदना कुठे आहे? असेल, माणूस आहे तो. पण त्रिचीचा एखादा विद्वान गमक घेतो तेव्हा हीच मंडळी म्हणतात, काय साधना! काय परंपरा! घराण्याचं नाव घेतात, गुरूचं नाव घेतात. काळ्या माणसाने सूर वाकवला की दुःख, ब्राह्मणाने वाकवला की शास्त्र. सूर वाकवण्याची क्रिया दोन्हीकडे सारखीच आहे. फरक कानात आहे, आणि तो कान जातीने घडवलेला आहे.

'रक्तात आहे' हे तर आपण जन्मापासून ऐकत आलोय. ते कौतुकासारखं ऐकू येतं आणि श्रम पुसून टाकतं. शिकला, घासला, चुकला, पुन्हा शिकला, हे सगळं रद्द. इळैयराजांचंच बघा. तेनी भागातल्या पण्णैपुरम गावातल्या दलित कुटुंबात जन्म. थोरल्या भावाबरोबर कम्युनिस्ट पक्षाच्या सभांमध्ये गात फिरले. मग मद्रासला येऊन धनराज मास्तरांकडे पाश्चात्त्य संगीत शिकले, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची क्लासिकल गिटारची परीक्षा सुवर्णपदकासह उत्तीर्ण झाले. स्टाफ नोटेशनमध्ये अख्ख्या वाद्यवृंदाच्या ओळी कागदावर लिहून काढणारा हा माणूस, २०२५ च्या मार्चमध्ये लंडनला रॉयल फिलहार्मोनिककडून स्वतःची सिंफनी वाजवून घेणारा. आणि चेन्नईच्या गप्पांमध्ये अजूनही शब्द कोणता? 'दैवी देणगी.' देणगी म्हटलं की अभ्यासाचं श्रेय द्यावं लागत नाही.

हेच ब्लूजवाले कान घेऊन आता उत्तर चेन्नईत चला. व्यासरपाडी, पुलियंतोप, कासिमेडू. बंदर, गिरण्या, रेल्वे यांच्या कामासाठी गावं सोडून आलेल्या माणसांच्या वस्त्या, शिकागोच्या दक्षिण भागासारख्याच. तिथे 'गाना' नावाची गायकी वाढली. मयत झालं की रात्रभर प्रेताजवळ बसून गायची गाणी, मेलेल्या माणसाची थट्टासुद्धा करणारी, मद्रासच्या रस्त्यावरच्या बोलीतली. आणि तिथे परै वाजते. लाकडी कड्यावर ताणलेलं कातडं, वाजवण्याआधी जाळावर धरून तापवायचं, एका हातात लांब बारीक काठी, दुसऱ्यात आखूड जाड. आपली हलगी ऐकलेल्या माणसाला ओळख करून द्यावी लागत नाही. याच वाद्याशी जोडलेल्या जातीच्या नावावरून इंग्रजीने 'पारिया' हा शब्द उचलला, अर्थ बहिष्कृत. एका ढोलाचा शब्द जगभर शिवी होऊन फिरला.

मेहबूब स्टुडिओत डोळे मिटून डोलणारा माणूस मयलापूरच्या त्याच्या गल्लीतून परै जाऊ लागली की खिडकी लावून घेतो. न्युसन्स म्हणतो. लेनर्ड चेस 'गोंगाट' म्हणाला होता, हा 'न्युसन्स' म्हणतो, एवढाच फरक. डिसेंबरात याच शहरात सभांचा मोसम भरतो. १९२८ पासूनची म्युझिक अकादमी आहे, बाहेर कँटीनमध्ये केळीच्या पानावर जेवण आहे, आत मृदंगम आहे. त्या मृदंगमाला गाय, म्हैस आणि बकरी अशा तिघींचं कातडं लागतं. ते निवडणारे, ताणणारे, सूर लावून देणारे कारागीर बहुतांशी दलित ख्रिस्ती. टी. एम. कृष्णा यांनी त्यांच्यावर 'सेबास्टियन अँड सन्स' हे पुस्तक लिहिलं. २०२० च्या सुरुवातीला त्याचं प्रकाशन कलाक्षेत्राच्या सभागृहात ठरलं होतं, कलाक्षेत्राने आयत्या वेळी परवानगी काढून घेतली. प्रकाशन शेवटी एशियन कॉलेज ऑफ जर्नालिझममध्ये झालं. वाद्य गर्भगृहापर्यंत चालतं, त्याच्या कातड्याचं बोलणं सभागृहातही चालत नाही.

संगीताच्या प्रेमाने माणूस आपोआप सुधारतो, हा भोळसट समज इथेच सोडून द्यावा. एरिक क्लॅप्टन आयुष्यभर बडी गायची तारीफ करत आला, त्याच्यासारखा गिटारवादक नाही असं म्हणत आला. तोच क्लॅप्टन १९७६ च्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या स्टेजवरून, परदेशी आणि काळ्या लोकांना इंग्लंडबाहेर काढा, अशा अर्थाचं बरळला आणि इनॉक पॉवेलची तळी उचलली. पुढे त्याची लाज वाटते असं तो म्हणाला, ते ठीक. पण ज्यांचं संगीत वाजवून पोट भरलं, त्यांच्या विरोधात त्याच स्टेजवरून बोलता येतं, हे त्या रात्री दिसलं. तिथल्या लोकांनी 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' उभं करून उत्तर दिलं.

चेन्नईनेही एक उत्तर दिलं. ६ जानेवारी २०१८ ला किलपॉकमध्ये 'कास्टलेस कलेक्टिव्ह' पहिल्यांदा स्टेजवर आला. पा. रंजित यांचं 'नीलम' आणि संगीतकार तेन्मा यांनी जमवलेला हा ताफा. नाव पंडित अयोथी दास यांच्या 'जातिविरहित तमिळ' या कल्पनेवरून घेतलेलं. गाना गाणारे, परै वाजवणारे, रॅपवाले आणि मधोमध इलेक्ट्रिक गिटार. त्यातली इसैवाणी, पुरुषांच्या मक्तेदारीत शिरलेली गाना गायिका, २०२० मध्ये बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत आली. गिटार आणि परै एका तालावर आल्या तेव्हा कुणाला वेदना ऐकू आली असेल तर असो, मला तरी मांडणी ऐकू आली. कुठल्या ठेक्यावर कोण थांबणार, कुणाला जागा देणार, याची चोख मांडणी.

इथवर सवर्ण कानांबद्दल बोललो. पण हा मजकूर वाचणारे बहुतेक तुम्ही-आम्ही पहिल्या पिढीतले पदवीधर, तेव्हा आपल्याबद्दलही बोलावं लागेल. नोकरी लागली, हेडफोन घेतला, ऑफिसातल्यांनी सांगितलं म्हणून ब्लूज ऐकला, आवडला. चांगलं झालं. फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केली, १९७२ मध्ये आपल्या पोरांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतलं. त्या माणसांच्या संगीतावर आपला हक्क ऑफिसातल्या कुणाहीपेक्षा जुना आहे. पण प्लेलिस्टमध्ये बडी गाय ठेवणारा आपलाच माणूस वामनदादांचं गाणं पाहुण्यांसमोर लावायला कचरतो, आणि कडूबाई खरातांची एकतारी 'बाईंचा आवाज किती दर्दभरा' म्हणून फॉरवर्ड करतो. दर्दभरा! एका तारेवर ताल आणि सूर दोन्ही सांभाळत भर उन्हात हजारोंच्या सभेला बांधून ठेवणं, याला काही शब्द आहे की नाही आपल्याकडे?

कुणी म्हणेल, हलगी आणि परै ही गुलामीची वाद्यं आहेत, बाबासाहेबांच्या चळवळीने गावकीची कामं सोडायला लावली ती उगाच का? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. तमिळनाडूत गावोगाव दलितांनी सवर्णांच्या मयताला परै वाजवायला नकार दिला, त्यासाठी मार खाल्ला. तो नकार शंभर टक्के बरोबर होता आणि आजही आहे. अमेरिकेतही साठच्या दशकात कितीतरी काळ्या तरुणांनी ब्लूजकडे पाठ फिरवली. त्यांना त्यात कापसाची शेतं ऐकू यायची. १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोरमध्ये गोऱ्या पोरांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या तेव्हा बी. बी. किंग रडला होता. त्या रडण्यात आपले कुठे गेले हेही असणार, असं मला वाटतं.

पण बडी गायने काय केलं? कापूस सोडला. गिटार सोडली नाही. कापूस मालकाचा होता, गिटारवरची बोटं त्याची होती. हुकूम नाकारायचा आणि हुन्नर ठेवायचा, यात कसला विरोध आहे? दिंडीगलच्या शक्ती कलै कुळूतल्या दलित बायका परै वाजवतात, त्या कुणाच्या मयताचा सांगावा म्हणून नव्हे. मदुरै भागातल्या वेलू आसान यांना २०२५ मध्ये परैसाठी पद्मश्री मिळाली. आसान म्हणजे गुरू. ज्या वाद्याला गुरू असतो, त्या वाद्याला अभ्यासक्रम असतो. तो अभ्यासक्रम आपल्यातल्या कुणी लिहिणार की पीएचडीसाठी वस्तीत आलेला पाहुणा लिहिणार, एवढंच ठरायचं आहे.

गाय आता नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. २०२५ च्या 'सिनर्स' सिनेमात शेवटी तो म्हाताऱ्या वादकाच्या रूपात दिसतो. १९८९ पासून शिकागोत त्याचा स्वतःचा क्लब आहे, म्हणजे गल्ला त्याच्या हातात आहे. मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलचा किंगफिश नावाचा काळा पोरगा, १९९९ चा जन्म, त्याच्या २०१९ च्या पहिल्या अल्बमवर गाय स्वतः जाऊन वाजवून आला. विद्या अशी हातातून हातात जाते, आणि गल्ला हातात असला की जरा बरी जाते.

आपल्याकडे गल्ल्याचं काय आहे ते तपासायला लांब जायला नको. घरात पुढचं लग्न निघेल तेव्हा डीजेला किती आणि हलगीवाल्यांना किती, हे दोन आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. दुसरा आकडा लिहिण्याआधी हलगीवाल्यांना विचारा. आणि पत्रिकेत कार्यवाहक मंडळींची जी लांबलचक यादी असते, तिच्यावर वादकांची नावं छापा, आडनावासकट.