आवाज चालतो, माणूस का चालत नाही?

भीमजयंतीची मिरवणूक असो, गणपतीचे विसर्जन असो, नाहीतर कुणाच्या पोराची वरात असो, आमच्या पेठ वडगावात डॉल्बी लागला की एक आवाज हटकून कानावर येतो. तो आवाज शिंदे घराण्याचा. आषाढीला देवळाच्या भोंग्यावर विठ्ठलाची गाणी लागतात, ती कालकथित प्रल्हाद शिंदे यांची. वरातीत पोरे अंगात आल्यासारखी नाचतात, ती आनंद शिंदे यांच्या पोपटाच्या गाण्यावर. आणि १४ एप्रिलच्या रात्री निळे झेंडे हलतात, तेव्हा बाप, लेक आणि नातू आदर्श असे तिघेही एकामागून एक वाजत असतात. ज्या गावांत आमच्या वस्तीची मिरवणूक मुख्य पेठेतून न्यायची म्हटली की पोलीस बंदोबस्त मागवावा लागतो, त्याच गावांत हा बौद्ध घरातला गळा मात्र उंबऱ्याच्या आत, थेट गाभाऱ्यापर्यंत चालतो!

मग हा गळा ज्या माणसाचा आहे तो माणूस विधान परिषदेच्या सभागृहात का चालला नाही, हा प्रश्न आपण विचारायला हवा होता. आपण विचारला नाही.

काय घडले ते क्रमाने सांगतो. आपल्या राज्याच्या विधान परिषदेत ७८ सदस्य आहेत. त्यांपैकी १२ जण राज्यपाल नेमतात. संविधानाच्या कलम १७१(५) मध्ये त्यासाठी साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा ही क्षेत्रे स्पष्ट लिहिलेली आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये तेव्हाच्या महाविकास आघाडी सरकारने १२ नावांची यादी राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांच्याकडे पाठवली. त्यात आनंद शिंदे यांचे नाव होते. त्याच यादीत आपल्या हातकणंगलेचे माजी खासदार राजू शेट्टी यांचेही नाव होते, म्हणजे आपल्या तालुक्याला त्या यादीशी दुहेरी देणेघेणे होते. राज्यपालांनी यादी मंजूर केली नाही आणि परतही पाठवली नाही. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. १३ ऑगस्ट २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की वाजवी मुदतीत निर्णय घेणे हे राज्यपालांचे कर्तव्य आहे, यादी अशी अनिश्चित काळ ठेवून देता येणार नाही. तरीही यादी हलली नाही. २०२२ मध्ये सरकार बदलले, सप्टेंबरमध्ये नव्या सरकारने ती यादीच मागे घेतली. त्याविरुद्ध कोल्हापूरचे सुनील मोदी न्यायालयात गेले, पण त्यांची याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली गेली. त्याआधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, सात नव्या सदस्यांचा शपथविधी उरकला होता. त्या सातांत गायक एकही नव्हता.

यादी अडवली ती आनंद शिंदे यांचे नाव होते म्हणून नव्हे. बाराच्या बारा नावे राजकारणात अडकली, हे मान्य केले पाहिजे. शिंदे यांचे नावही एका पक्षाच्या वाट्यातून आले होते. वकिलाने पुराव्यापलीकडे बोलू नये. पण मला खटकले ते दुसरेच. नाव जाहीर झाले त्या दिवशी बाररूममध्ये चहा पिताना एक सहकारी हसून म्हणाले, ‘‘आता सभागृहात पोपट बोलणार!’’ सगळे हसले. हसणाऱ्यांत आपलेही दोघे होते.

या हसण्याचा समाचार घेतला पाहिजे. ग. दि. माडगूळकर १९६२ पासून विधान परिषदेवर होते. ना. धों. महानोर १९७८ मध्ये गेले. दोघेही थोर कवी आणि दोघांचीही गाणी सिनेमामुळे घरोघर पोहोचली. गदिमांनी ठसकेबाज लावण्याही लिहिल्या. तेव्हा कुणी नाक मुरडले नाही. उलट सभागृहाची शान वाढली असेच म्हटले गेले, आणि ते खरेही होते. मग नाचायला लावणारे गाणे एका घरातून आले की कला आणि दुसऱ्या घरातून आले की धांगडधिंगा, हा न्याय कुठला? आणि लोककवी वामनदादा कर्डक? हजारो गाणी लिहून, गावोगाव गाऊन समाज जागा ठेवणारा हा माणूस आयुष्यभर सभागृहाबाहेरच राहिला.

आता आपल्या घरातले बोलू. आपल्यातल्या शिकल्या-सवरल्या मंडळींना शिंदे घराण्याची भीमगीते चालतात, पोपट चालत नाही. ते सांगतात की पवळाबाईच्या तमाशाचा पैसा पठ्ठे बापूराव देऊ लागले तेव्हा बाबासाहेबांनी तो नाकारला. ही हकीकत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पण तिचा अर्थ काय? आमच्या आया-बहिणींना फडावर नाचवून मिळवलेला पैसा चळवळीला नको, हा तो अर्थ. गाण्याला नकार असता तर शाहीर भीमराव कर्डकांच्या जलशांचे मोल बाबासाहेबांनी मानले नसते. पठ्ठे बापूराव, म्हणजे इथून जवळच्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी. फड गाजला पवळेच्या जिवावर, शाहिरीतले थोर नाव मात्र कुलकर्ण्यांचे लागले. नाकारायचे असेल तर ही वाटणी नाकारा.

आणि पोपटाच्या गाण्यामागचे पोट कुणी पाहिले? प्रल्हाद शिंदे कव्वालीच्या पार्टीत कोरस गात वर आले. रात्र-रात्र चालणारे सामने, बैठकीला सतरंजी, बिदागी हातात पडेल तेवढी. एप्रिल-मे जयंतीचा, ऑक्टोबर धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा. उरलेल्या महिन्यांत ढोलकीवाल्याच्या घरी चूल कशावर पेटायची? ऐंशीच्या दशकात कॅसेट आली. मुंबईचा स्टुडिओ आणि रेडिओचा अधिकारी यांच्या मेहेरबानीवाचून गाणे थेट एस. टी. स्टँडवरच्या आणि जत्रेतल्या गाळ्यावर पोहोचू लागले. त्या लाटेवर आनंद शिंदे यांचा पोपट उडाला. ट्रकमध्ये, उसाच्या फडावर, सलूनमध्ये तोच. तरी गाणारा भीमगीतांपासून हटला नाही. २०१६ च्या ‘पोश्टर गर्ल’ सिनेमात बाप-लेकांनी मिळून डीजेचा आवाज वाढवायला लावला, आणि २०१९ मध्ये बाबासाहेबांवरील दूरदर्शन मालिकेचे शीर्षकगीत त्याच आदर्शने गायले. माझ्या मते हे दोन वेगळे धंदे नाहीत. नाचाच्या गाण्याने घर जगवले, त्या घराने भीमगीत जगवले.

कुणी म्हणेल, खुर्ची मिळाली असती तर काय दिवे लागले असते? त्याचे उत्तर माझ्या धंद्यातले आहे. गीतकार जावेद अख्तर राष्ट्रपतीनियुक्त सदस्य म्हणून राज्यसभेत होते, तेव्हा २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यासाठी त्यांनी सभागृहात आणि बाहेर जोर लावला. त्याआधी कंपनी गाणे एकरकमी विकत घ्यायची आणि विषय संपायचा. दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाटा करार करूनही काढून घेता येत नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. गायकालाही व्यापारी वापरावर रॉयल्टीचा हक्क मिळाला. नामनियुक्त माणूस काय करू शकतो, ते हे.

आपल्या गीतकारांचे काय? वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले, प्रल्हाद शिंदे त्याच वर्षी २३ जूनला. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो, म्हणजे वामनदादांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. तो कुणाच्या नावे आहे, कोणत्या कागदाने गेला, हे किती जयंती मंडळांनी विचारले? डॉल्बीला हजारो रुपये मोजणारी मंडळे गाणे कुणाचे हेदेखील माइकवर सांगत नाहीत. आपले नाव आपल्या कृतीला लागावे हा हक्क कलम ५७ देते. त्याला पैसा लागत नाही.

मागच्या महिन्यात शेजारच्या गावातला एक पोरगा माझ्याकडे आला. स्वतः लिहितो, स्वतः गातो. मोबाईलवर टाकलेले त्याचे जयंतीचे गाणे पोरांनी डोक्यावर घेतले होते. एका कंपनीने त्याला काही हजार रुपये देऊ केले आणि इंग्रजीतला कागद पुढे केला. ‘‘सर, सही करू का?’’ कागद वाचला. सर्व हक्क, सर्व काळासाठी, सर्व जगात. रॉयल्टीचा शब्द नाही. गीतकार म्हणून नाव देण्याची अट नाही. त्याला समजावले की करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतो. म्हणूनच या लोकांनी ‘सर्व काळ’ आणि ‘सर्व जग’ मुद्दाम लिहून घेतले आहे. दोन कलमे खोडली, मुदत पाच वर्षे घातली, रॉयल्टीची ओळ कायद्याच्या शब्दांत लिहिली आणि गाण्याखाली त्याचे नाव यावे अशी अट जोडली. कंपनीकडून अजून उत्तर नाही. पोरगा रोज विचारतो, गाणे जाईल का हातातून? मी म्हणतो, गाणे तुझ्याच हातात आहे, सही अजून झालेली नाही. ज्यांच्याकडे असे कागद आले असतील त्यांनी सही करण्याआधी ते घेऊन यावे. या कामाची फी मी घेत नाही.