लिहिणारीच्या दोन घटका



"जिला लिहायचं असतं ती कुठेही लिहिते. बहिणाबाईंनी नाही का जात्यावर गाणी रचली? तुला टेबल कशाला हवं?"

हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता त्याला एकदा नीट उत्तर द्यायलाच हवं. बोलणारा हसत हसत, कौतुकानं बोलतो, म्हणून ते खपून जातं. अर्थ मात्र सरळ असतो. तू खुशाल लिही, पण तुझ्या लिहिण्यापायी घरातली एक खुर्चीसुद्धा जागची हलणार नाही!

आधी बहिणाबाईंचंच घेऊ. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपुढे त्या गाणी रचत आणि म्हणत. ती कागदावर उतरवली त्यांच्या मुलानं, कवी सोपानदेवांनी, आणि एका आप्तानं. १९५१ साली बाई गेल्या. मग सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघालं. म्हणजे गाणी जात्यावर सुचली हे खरं, पण टिकली ती कुणीतरी वही घेऊन बसलं म्हणून. जी उतरवून घेतली गेली नाहीत ती पिठाबरोबर उडून गेली. आता सांगा, तुमच्या ओट्यामागे वही घेऊन कोण उभं आहे? सुचायचंही आपल्यालाच आणि उतरवायचंही आपल्यालाच. मग बसायला जागा नको?

वाचणाऱ्या घरांत दुसरं उदाहरण येतं ते इंग्लंडच्या जेन ऑस्टिनचं. तिला कुठे स्वतंत्र खोली होती? बैठकीच्या खोलीत, एका लहानशा टेबलावर लिहायची. हेही खरं आहे. अक्रोडाच्या लाकडाचं ते बारा कोनी टेबल चॉटन गावातल्या तिच्या घरात आजही ठेवलेलं आहे. पण गोष्ट तिथे संपत नाही. १८०९ साली ती त्या घरात राहायला गेली तेव्हा सोबत आई, बहीण कॅसांड्रा आणि मैत्रीण मार्था लॉइड होत्या. घराचा बराचसा भार कॅसांड्रा आणि मार्थानं उचलला. जेनकडे मुख्य काम होतं सकाळच्या न्याहारीचं. त्याआधीची काही वर्षं बाथ, साउदॅम्प्टन अशी बिऱ्हाडं बदलण्यात गेली होती आणि त्या काळात तिच्या हातून नवं पुस्तक पुरं झालं नव्हतं. चॉटनला घडी बसली आणि १८११ ते १८१५ या पाच वर्षांत तिच्या चार कादंबऱ्या बाहेर पडल्या. लोक त्या टेबलाचे फोटो बघून हळहळतात. कॅसांड्रानं सांभाळलेली कोठी कुणाला दिसत नाही.

व्हर्जिनिया वुल्फनं १९२९ साली लिहून ठेवलं की बाईला कथा-कादंबरी लिहायची तर स्वतःची खोली हवी आणि वर्षाला पाचशे पौंडांचं उत्पन्न हवं. आपल्यातल्या बऱ्याच जणींची घरं दोन खोल्यांची, त्यात सासू-सासरे, मुलांचा अभ्यास. खोली मी मागतच नाही. मी एक कोपरा आणि दोन घटका मागते, म्हणजे फक्त अठ्ठेचाळीस मिनिटं.

"घरात जागाच नाही" हे कारण तर मला मुळीच पटत नाही. दुकानाच्या वह्यांना आपल्या घरात जागा असते की नाही? ते कपाट, ती बैठक कुणी हलवत नाही. हिशेब चालू असताना पोरं तिथे फिरकत नाहीत. दिवाळीला त्या वह्यांची पूजा होते. श्रुतपंचमीला आपण ग्रंथ मस्तकी लावतो, ते पुसून नव्या वेष्टनात बांधतो. वहीचा आणि ग्रंथाचा एवढा मान राखणाऱ्या घरात सुनेची वही मात्र फ्रिजवर, दुधाच्या कार्डाखाली पडलेली असते.

आणि वेळ? बाईला अठ्ठेचाळीस मिनिटं एकटं कसं सोडायचं हे आपल्या घरांना अगदी नीट माहीत आहे. आई सामायिकाला बसली की तिला कुणी हाक मारत नाही. फोन दुसरं कुणीतरी उचलतं. दूधवाल्याला दुसरं कुणीतरी सामोरं जातं. तीन वर्षांचं पोरसुद्धा आईकडे बघतं आणि गुपचूप खेळायला जातं. घर काही कोसळत नाही!

इथे काही जणी म्हणतील, सामायिक कुठे आणि लेखन कुठे! एकात समता साधायची, दुसऱ्यात नाव व्हावं ही हाव. मी दोन्हींना एका पाटावर बसवत नाही. सामायिकाचा वेळ सामायिकालाच राहू दे, त्यातलं एक मिनिटही मी लेखनाला मागणार नाही. मी घराला आधीच अंगवळणी पडलेल्या सवयीबद्दल बोलते आहे. जे दिवसातून एकदा जमतं ते दुसऱ्यांदाही जमेल. नावाच्या हावेची धास्ती असेल तर ती दुकान वाढवणाऱ्यालाही विचारा, एकट्या लिहिणारीलाच का?

मग सल्ला येतो, "पहाटे चारला ऊठ, सगळं शांत असतं." ज्या बाईला रात्री सगळ्यांच्या शेवटी पाठ टेकायला मिळते तिला सगळ्यांच्या आधी उठायला सांगणारा हा सल्ला तिच्या झोपेतून वेळ कापतो. घरच्या कुणाचं त्यात काही जात नाही, म्हणून तो द्यायला सोपा. त्यापेक्षा आपल्याच रीतीकडे बघा. आपल्याकडे जेवणं सूर्यास्ताआधी उरकतात. ओटा लवकर आवरतो. सात ते नऊ हे दोन तास कितीतरी घरांच्या नशिबात नसतात, ते आपल्या पदरात रोज पडतात. ते जातात कुठे? टीव्हीत, कपड्यांच्या घड्यांत आणि उद्याच्या भाजीत. घड्या घरातल्या चार हातांनी केल्या तर त्यातल्या दोन घटका सहज मोकळ्या होतील.

"पैसे मिळतात का त्याचे?" हाही नेहमीचा प्रश्न. क्रिकेटची मॅच बघण्याचे तरी कुठे मिळतात?

आता जरा आपल्याच बाजूला वळते. ही वेळ अडवणारे नेहमी पुरुषच असतात असं नाही. रमाबाई रानड्यांना शिकवायला न्यायमूर्ती रानडे स्वतः बसले. टोमणे मारले, जाच केला तो घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी. रमाबाईंनी हे सारं आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. ते पुस्तक १९१० साली आलं. शंभरावर वर्षं लोटली. सून वही घेऊन बसली की भांडी जरा जोरात आपटणारे हात आजही बहुधा बांगड्यांचेच असतात. म्हणून माझं भांडण आधी आपल्याशी आहे.

माझी मागणी फार मोठी नाही. टेबल नसेल तर शिवणाच्या मशीनचं झाकण चालतं. मी त्यावरच लिहिते. एक दिवा, एक किल्लीचा खण, आणि एक वही जिच्यात इस्त्रीचा हिशेब कुणी लिहिणार नाही. वेळ रोज तीच, म्हणजे घराला पाठ होते. दुपारी दोन ते तीन असो की संध्याकाळचे सात ते आठ. त्या वेळात सुचलं नाही तरी जागेवरून उठायचं नाही, कारण एकदा उठलं की घर धरतं की ही मोकळीच आहे.

आणि ज्या सासूबाई, नणंदा, जावा हे वाचत असतील त्यांना एकच सांगणं. उद्या घरातली कुणी वही उघडून बसली आणि दाराची बेल वाजली, तर तिच्याकडे बघू नका. दार तुम्ही उघडा.